वाकलेली चावी

अण्णा, आज डिंभ्याजवळच्या उतारावर तुमच्या जीपची चावी अडकली. फिरेना आणि निघेनाही. आईला मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी अकराच्या आत मंचरच्या दवाखान्यात पोचवायचं होतं. आजची वेळ चुकली तर पुढची तारीख कधी मिळेल, कुणी सांगत नव्हतं. तळेघरहून वेळेत निघालो होतो. पण मागचं दार नीट लागलंय का, हा माझा नेहमीचा घोर. ते बघायला थांबले. तुम्ही शिकवलंत तशी पुढची चाकं दरडीकडे वळवली आणि चावी काढून घेऊन उतरले. दार लागलेलंच होतं. परत येऊन चावी घातली, तर स्टिअरिंग आवळलेलं आणि चावी जागची हलेना. घराची, कपाटाची, आईच्या ट्रंकेची, सगळ्या चाव्या त्याच कड्यात. पुढे जाता येईना, आणि गाडी सोडून मागे फिरावं तर घराचं कुलूप उघडणार नव्हतं.

रस्त्याकडेला मासे विकणारे एक भाऊ उठून आले. "ताई, पकड आणू का? एकच झटका द्यायचा, कशी फिरत न्हाई बघू."

"फिरंल न्हाईतर तुटंल," आई म्हणाली. "भाऊ, तुमी तुमची टोपली बघा. मला धड दिसत न्हाई, पन मांजर दिसतंय."

ते ओरडत पळाले. आई हसली, मग माझ्याकडे तोंड करून हळूच म्हणाली, "ती वाकडीच हाय. मी न्हाई वाकवली. तुला ठाव हाय."

माझ्या डोळ्यांपुढे ती जुनी रात्र आली. मी सहा वर्षांची आहे. शाळेत घालायच्या आधी माझी अक्षरं तुम्हीच गिरवून घेताय, जीपच्या धुळकट काचेवर बोटाने. तुम्ही जेवायला बसलात आणि खिळ्यावरची हीच चावी काढून मी दुधाच्या पावडरीच्या डब्याचं झाकण उचकटतेय. झाकण उघडतं, चावी वाकते. मी ती परत खिळ्याला अडकवते. सकाळी जीपमध्ये पॅसेंजर बसलेले, आणि चावी आत जात नाही. "माझ्या चावीला हात लावायचं कारणच काय?" तुम्ही सगळ्यांदेखत आईवर ओरडता. पिठाच्या हातांनी ती चुलीपासून उठते, माझ्याकडे बघते आणि परत भाकरी थापायला बसते. तुम्ही चावी पाट्यावर ठेवून वरवंट्याने ठोकून सरळ केलीत. दोन दिवस तिच्याशी बोलला नाहीत. मी पावडर खाल्ली नाही, पण बोललेही नाही.

तुम्ही मला गाडी शिकवताना एकदा चावी अशीच अडकली होती. मी जोर लावला, तर तुम्ही हातावर चापट मारलीत. "चावीशी भांडू नकोस. आधी स्टिअरिंगचा ताण काढ." ते आज आठवलं. डाव्या हाताने स्टिअरिंग दरडीकडून थोडं ओढून धरलं, उजव्या हाताने चावी नुसती फिरवत ठेवली. तिसऱ्यांदा कट्ट झालं. आई म्हणाली, "चल आता."

पावणेअकराला पोचलो. आता तिला आत नेलंय. बाहेर येईल तेव्हा डोळ्यावर पट्टी असेल, कुणीतरी हात धरायला हवा. नर्सबाईंना मी सांगून आले की गाडीची चावी परत अडकलीय, ती निघाली की येते. तेव्हापासून जीपमध्ये बसून दवाखान्याच्या फॉर्मच्या पाठीमागे हे लिहितेय. चावी मी वाकवली, अण्णा. तुम्हाला सांगणं सोपं आहे, तुम्ही गेलात, आता काही विचारणार नाही. आईला हे सांगायचं अजून राहिलंय. हा कागद तुमच्या जुन्या लायसन्सखाली जीपच्या खणात ठेवते.

आणि चावी अडकलेली नाही. पहिल्याच वेळी निघाली, केव्हाची माझ्या मुठीत आहे.