सीझन होऊ दे, मग जाऊ

सेलू,
शनिवार, दि. ७ डिसेंबर २०२४

चि. सौ. रक्षा,

तुझ्या थोरल्या जावेचे आशीर्वाद घे, आणि आष्टीच्या आई-बाबांना माझा नमस्कार सांग. इकडे सगळे बरे आहेत. सासूबाईंचे गुडघे थंडीने धरलेत, पण तोंड सुरू आहे, तेव्हा काळजीचं कारण नाही. सकाळी धुकं पडतं, दहापर्यंत ऊन लागत नाही, आणि दुपारी बाराला स्वेटर काढून खुर्चीवर टाकावा लागतो. म्हणजे आपल्या स्वेटर-शालींच्या दुकानाचे दिवस आलेत.

तू माझा फोन उचलत नाहीस, त्याला आता तीन महिने होतील. छातीचं ऑपरेशन आणि नंतरची ती सगळी औषधं सोसून तू माहेरी गेलीस, तेव्हा महिनाभराने येते म्हणाली होतीस. मी रोज एकदा लावते. वाजतो, वाजतो, बंद होतो. राग धरू नकोस म्हणायला मला तोंड नाही, म्हणून पत्र लिहायला बसले. उद्या रविवार, निकेशभाऊजी नेहमीसारखे तुझ्याकडे यायचे आहेत. त्यांच्या हाती हे पत्र आणि एक पिशवी देते. पिशवीत रोज घालायचे चार स्वेटर आहेत. चारही पुढून उघडे, बटणांचे. तुझा डावा हात खांद्याच्या वर जात नाही असं भाऊजी म्हणाले, त्यामुळे डोक्यातून घालायचा एकही ठेवला नाही.

आता हसू नकोस. "ताईची पसंत म्हणजे मरून, नाई तं कॉफी," असं तू गिऱ्हाइकांसमोर म्हणायचीस आणि मी डोळे वटारायचे. या वेळी लुधियानाचे गठ्ठे फोडले तेव्हा प्रत्येक नगावर हात ठेवून मी विचार केला, रक्षा काय म्हणाली असती. तीन दिवस लागले निवडायला. आमचे हे, कैलासराव, म्हणाले, एवढ्या वेळात एखादीने हातावर विणला असता.

हळदी रंगाचा जो आहे, त्याला उभ्या वेण्यांची वीण आहे. तो तुझ्या बाटली-हिरव्या कुर्त्यावर घाल. ही जोडी तूच दाखवली होतीस मला. मी म्हणत होते पोळ्याचा बैल दिसेल, आणि बारा नग त्याच जोडीत गेले. वेणीची वीण जाड असते, अंगाला बसत नाही, आपली आपण उभी राहते. त्यात एक बाजू दुसरीपेक्षा कमी आहे हे कुणाच्या ध्यानात येत नाही. हे लिहू की नको, असं दोनदा मनात आलं. पण तू बाहेर निघत नाहीस असं कळतं, म्हणून लिहिलं. आडव्या पट्ट्यांचं मात्र काही घालू नकोस. पट्टी वाकडी झाली की नजर तिथेच जाते.

राखी रंगाचा लांब आहे, गुडघ्यापर्यंत, खिशांचा. तो दवाखान्यात जाण्यासाठी. बसमध्ये वारं लागत नाही, आणि रिपोर्ट, गोळ्या, मोबाइल खिशात मावतं. पण राखी रंग तोंडाजवळ आला की धडधाकट माणूसही आजारी दिसतं, म्हणून गळ्याशी एखादी भडक ओढणी घेत जा, राणी किंवा मोरपंखी. बिनबाह्यांची कोटी घरात घालायची आहे. हाताला सूज असते त्या दिवशी आत सैल बाह्यांचं सुती घालायचं आणि वरून कोटी. छाती-पाठ उबेत राहते, हात मोकळा राहतो. लोकर उघड्या कातडीला लागू देऊ नकोस, रेडिएशनचा शेक दिलेल्या जागी टोचेल.

चौथा वांगी रंगाचा, साडीवर घालायचा, कमरेपर्यंतच आहे म्हणजे निऱ्या झाकल्या जात नाहीत. सगळ्यांत मऊ तोच. तुला माहीतच आहे, पण आईंना सांगून ठेव: कोमट पाण्यात धुवायचे, पिळायचे नाहीत, तारेवर टांगायचे नाहीत, खाटेवर पसरून वाळवायचे. टोपी मुद्दाम पाठवली नाही. केस आता बोटभर आले असं ऐकलं. तसेच राहू दे.

काल अंगणवाडीच्या कमलाबाई आल्या होत्या. दहा डबे उघडले, एकही मनास येईना. शेवटी म्हणाल्या, "जयाबाई, मागच्या साली तुमच्या लहान्या बाईनं घातला होता, तसा दाखवा ना."

मी म्हटलं, "तो तवाच संपला."

"मंग यंदा कोणता घालून राह्यली ते?"

मी डबे बंद करत बसले. त्या बिचाऱ्या घाबरून एक काळी शाल घेऊन गेल्या.

दुकान कसं चालायचं हे बाहेरच्यांना कुठे ठाऊक आहे! नवा माल आला की त्यातला पहिला नग तू अंगावर घालायचीस आणि आठवडाभर गल्ल्यासमोर वावरायचीस. बायका कपाटाकडे बघतच नसत, तुझ्याकडे बघत. तू सोमवारी घातलेला रंग शनिवारी संपलेला असायचा. काचेतल्या दोन डमींवर धूळ बसायची. दिवाळी ते संक्रांत एवढाच आपला धंदा, आणि तो तुझ्या अंगावर चालायचा. हे मला पक्कं ठाऊक होतं. तुझ्यापेक्षाही जास्त.

गेल्या वर्षीच्या नोव्हेंबरची चोवीस तारीख होती. उंच गळ्याच्या, अंगासरशी बसणाऱ्या स्कीव्या आल्या होत्या. पडद्यामागे तू लाल स्कीवी चढवलीस आणि मला आत बोलावलंस. "ताई, इथं हात लावून पाहा बरं. मले गाठीसारखं लागते."

मी हात लावला. रक्षा, मला लागली ती गाठ. वाटाण्याएवढी, दगडासारखी. आजही रात्रंदिवस या बोटांना लागते.

मी म्हटलं, "काई नाई वं, गाठीगुठी होतच असतात बायाले. आता गर्दीचे दिवस आहेत. सीझन होऊ दे, मंग जाऊ आपण दोघी."

तू विचारलंस, यांना सांगू का? मी म्हटलं, "सीझनमंधी माणसाच्या डोक्याले ताप नको देऊ."

आणि तू ऐकलंस. लग्न होऊन आल्यापासून माझा शब्द तू कधी खाली पडू दिला नव्हतास. मला त्याचा केवढा अभिमान होता! डिसेंबरात तू म्हणालीस, स्कीवी आता एका बाजूने ओढल्यासारखी बसते. तेव्हा मी काय केलं, आठवतं? गुलाबी स्टोल आणून तुझ्या डाव्या खांद्यावरून सोडला, पिन लावली आणि म्हटलं, आता काही दिसत नाही. त्या आठवड्यात गुलाबी स्टोल सगळे गेले. संक्रांत झाली, तर मी म्हटलं उरलेला माल निघू दे. तो निघाला, तर घरचं हळदीकुंकू. बारा फेब्रुवारीला भाऊजींना घेऊन आपण डॉक्टरांकडे गेलो. मी कॅलेंडर घेऊन मोजलेत, ऐंशी दिवस.

इथवर चूक म्हणता येईल. अडाणीपणा म्हण, हावरटपणा म्हण. याच्या पुढचं मात्र चूक नाही, आणि तेच लिहायला मी चार स्वेटरांचा आडोसा घेतला.

डॉक्टरांनी विचारलं, कधीपासून आहे? तू माझ्याकडे पाहिलंही नाहीस. म्हणालीस, पंधरा दिवस झाले. ते म्हणाले, पंधरा दिवसांचं हे नाही, निदान तीन महिन्यांचं आहे. बाहेर आल्यावर भाऊजी सगळ्यांदेखत तुझ्यावर ओरडले. "काऊन लपवलं तू? मी का मेलो होतो?" तू भिंतीला टेकून उभी. आणि मी पुढे होऊन म्हणाले, "मले तरी सांगाचं होतं वं रक्षा. मी का परकी होती?"

तू माझ्याकडे बघितलंस. मग खाली बघून म्हणालीस, "चुकलं माह्यं, ताई."

किती वेळा ते वाक्य परत घ्यावंसं वाटलं! तुझे केस गळत होते, तू मोरीपाशी बसून ओकायचीस, मी तुझी पाठ चोळायची. रोज ठरवायची, आज भाऊजींना सांगते. आणि रोज वाटायचं, आता सांगून तरी काय होणार, बैल गेला अन् झोपा केला. खरं म्हणजे मला भीती होती, घरातली माझी जागा जाईल. तू सगळं झाल्यावर त्याबद्दल एक शब्द न बोलता आष्टीला गेलीस. भांडली असतीस तर बरं झालं असतं. चतुर्थीला केळझरला गेले होते, पण गणपतीसमोर काही मागायची हिंमत झाली नाही. नारळ ठेवून तशीच परत आले.

मागच्या आठवड्यात तुझा नवा रिपोर्ट आला. पाठीच्या मणक्यात उतरलाय हे मला कळलं आहे. कॅन्सर हा शब्द आपल्या घरात कुणी काढत नाही, मीच लिहिते. फार दिवस नाहीत, असं डॉक्टर म्हणाले, तेही कैलासरावांनी सांगितलं. तू माहेरच्या खाटेवर पडून हे वाचशील आणि मी तुला ओढणीचे रंग सांगते आहे. पण थंडी आहे, रक्षा. अंगावर काहीतरी लागणारच. ते तुला आवडेल असं असावं, एवढंच माझ्या हातात उरलं होतं.

परवा दुकानात भाऊजी आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणाले, "वहिनी, मी दर आयतवारी जातो, पण तिच्याजवळ बसवत नाई मले. तिनं माह्यावर भरोसा नाई ठेवला. हे माह्या मनातून जातच नाई." मी शाली घडी करत होते. त्याच क्षणी कळलं की मी तुझी तब्येतच नाही, तुझा नवराही तुझ्यापासून काढून घेतला. जे दिवस उरलेत त्यात तो तुझ्या खाटेपाशी रुसून बसणार, आणि तू माझ्यासाठी तेही सोसणार. आणि तू ते सोसशीलच, मला माहीत आहे.

इथपर्यंतचं पत्र मी आज दुपारी उघडंच भाऊजींच्या हाती दिलं. वाचा म्हटलं.

ते गल्ल्याशी उभ्याउभ्याच वाचत होते. दोन बाया आल्या, मोजे पाहून गेल्या, त्यांनी मान वर केली नाही. तिसरं पान त्यांनी दोनदा वाचलं. मग म्हणाले, "मी तिले दवाखान्यात सर्व्यांसमोर बोललो."

मी म्हटलं, "हो."

"तवा तुम्ही बाजूले उभ्या होत्या."

"हो."

पानं त्यांनी माझ्या हातात परत ठेवली. मोरीवर जाऊन तोंड धुतलं. आत जाऊन सासूबाईंना सांगितलं की मी आज निघतो, उद्याची वाट पाहत नाही, आणि परत केव्हा येईन सांगता येत नाही. सासूबाईंनी मला हाक मारली. मी गेले आणि त्यांनाही सगळं सांगितलं. कैलासरावांनाही. आज घरात चूल मीच पेटवली, जेवलं कुणी नाही.

पाचची गाडी आहे. आर्वीला बदलून रात्री पोचतील. ते समोर बाकावर बूट घालून बसले आहेत, पिशवी मांडीवर घेऊन, आणि मी हे शेवटचं लिहिते आहे. तुझ्याजवळ येऊन बसतील तेव्हा त्यांना रडू दे, अडवू नकोस. माझ्यासाठी त्यांना काही समजावू नकोस. एवढं एक माझं ऐक, आणि यापुढे माझं काही ऐकू नकोस.

फोन लावायचा मी आता बंद करते. तुला वाटेल तेव्हा बोल, नाही वाटलं तर नको बोलूस. क्षमा मागत नाही. मागितली तर तू देऊन टाकशील, इतकी तुला मी ओळखते.

तू सगळ्यांत आधी जिला सांगितलं होतंस,
ती
जयवंता