बांधावरचं करडू

ओतूर

रा. रा. चित्रकार कुंडलिकराव यांसी दाजीचा रामराम.

इकडे क्षेम आहे, म्हणजे माझी साखर जागेवर आहे आणि तुझी अक्का मला सोडून सगळ्यांशी गोड बोलते. तुझी कंबर कशी आहे? (बसून चित्रं काढणाऱ्याची कंबर दुखते, हे मला पटायला जरा वेळ लागला.)

आता तुझा उद्योग ऐक. तू पाठवलेलं चित्रांचं पुस्तक सुट्टीला आलेल्या आरोहीला वाचून दाखवलं. शेवटच्या पानावर लिहिलंय, ‘दिवस मावळला. सगळे घरी आले.’ लिहिणारा बिचारा सरळ माणूस. मी पुस्तक मिटायला लागलो तर नातीनं पानावर बोट ठेवलं. घराचं दार बंद, खिडकीत पिवळा उजेड, आत सगळे जेवतायत. आणि लांब बांधावर, निळ्या अंधारात, बोटाच्या पेराएवढं तुझं ते करडू मान वळवून घराकडं बघतंय. ‘आजोबा, सगळे कुठं आले?’ मी म्हणालो, ‘येईल ते.’ इथं फसलो. येणार म्हटल्यावर दार उघडं नको?

तेव्हापासून दिवेलागणीला कडी लावली की रडारड. अरे, आमच्या मागं ऊस, उसात बिबट्या. लोक कुत्रंसुद्धा घरात घेतात, आणि तुझ्या करडापायी माझं दार सताड उघडं, उंबऱ्यात मी काठी घेऊन. शेजारचे सावळेराम जाता जाता म्हणाले, ‘काय राव, पावणं यायचंत का?’ म्हटलं, करडू यायचंय. ‘तुमी शेरडं कधी घेतली?’ (मी उसाचा भाव विचारला. बाजारात माझी थोडी पत आहे.)

शेवटी पेन घेऊन त्या पिवळ्या खिडकीत मीच एक करडू काढलं. आयुष्यभर पाण्याच्या मोटारी दुरुस्त केल्या, चार पाय आणि एक शेपूट जमणार नाही होय? शोभेला अंगावर ठिपके दिले. आरोहीनं पाहिलं आणि घर डोक्यावर घेतलं: बिबट्या आत शिरलाय. आता आतल्यांना पळता यावं म्हणून दार उघडं. तुझी अक्का चष्मा लावून म्हणते, ‘अवो, व्हतं तेच बरं व्हतं की.’

कळावे.

तुझा दाजी,
सोपान

ता. क. खिडकीत चिकटवण्याइतकं एक करडू काढून पाठव. ठिपके नकोत.

ता. क. दुसरा. पत्र टाकायचं राहिलं, तेवढ्यात आरोही रविवारी चाकणला परत गेली. तिचा जीव आता दुसऱ्या कुठल्या पुस्तकातल्या हत्तीत अडकलाय म्हणे. तरी करडू पाठवच. मी कडी लावायला उठलो की तुझी अक्का विचारते, ‘कुणी ऱ्हायलं नाय ना भाईर?’ मी नाही म्हणतो. पण जरा थांबूनच लावतो.