साबण चोळलेली टाकी

प्रिय ताता,

प्लास्टिक बादलीला शोभतं, गाडीला नाही, हे तुम्ही परवा फोनवर माझ्या बहिणीकरवी, नीवेसकरवी, पुन्हा ऐकवलंत. पोराशी बोलायला स्वतः फोन हातात घेतला नाहीत. ठीक आहे, मग मीही पत्रच लिहितो, पत्र मधेच आपटता येत नाही. नीवेस ते मोठ्यानं वाचेल. तुम्ही भिंतीकडे तोंड करून बसलात तरी ऐकू जाईलच.

गाडीच्या त्या पत्र्याच्या पेट्रोल टाकीचा तळ मिठानं इतका खाल्लाय की अंगठा दाबला तर आत जाईल. आपल्या कोल्चानीत मिठाच्या मैदानावर गाडी घालणाऱ्या सगळ्यांच्याच टाक्या सडतात, मला माहीत आहे. गळायला लागली की कपडे धुण्याचा साबण चोळायचा आणि फिरायला आलेले पाहुणे घेऊन निघायचं, हेच आपलं चालत आलंय. पण मागच्या हिवाळ्यात लाल सरोवराच्या अलीकडे साबणानं दगा दिला, आणि एलिसेओकाकांनी त्यांच्या गाडीमागे तुम्हाला दोरानं ओढत गावात आणलं. वर बाजारभर सांगत सुटले, "फोर्तुनातोनं वाळवंटाला पाणी घातलंय, पुढच्या वर्षी बटाटे काढील." सगळे हसले. तुम्हीही हसलात. मला नाही हसू आलं.

म्हणून कार्निव्हलला घरी येताना कलामाहून नवी, प्लास्टिकची टाकी आणली. आपल्या जुन्या गाडीची कोणी बनवत नाही, पुढच्या मॉडेलची मिळाली. बसच्या टपावर बांधून आणली तर शेजारची बाई विचारते, "एवढी मक्याची दारू कोण पिणार रे पोरा?" आणि घरी आलो तर तुम्ही गालात कोकाची पानं धरून स्टुलावर. टाकी गाडीखाली सरकवली, पेट्रोल भरायचं तोंड भलत्याच बाजूला, मधे चासीची आडवी पट्टी आडवी येते. तुम्ही म्हणालात, "आता टाकीच्या मापाची गाडी आण." नीवेस गाडीखालूनच ओरडली, "आधी तुम्ही स्टूल घेऊन बाजूला व्हा, उजेड अडतोय."

ते तोंड मी कापलं, ताता. त्याच प्लास्टिकची पट्टी वितळवून दुसऱ्या बाजूला जोडलं, जुनं भोक बुजवलं. आडवी पट्टी काढून मागे सरकवली आणि नव्यानं वेल्ड केली. टाकीला लोखंड घासू नये म्हणून खाणीतल्या पट्ट्याचं जुनं रबर कापून मधे घातलं. मग पाणी भरून रात्रभर ठेवली. सकाळी खालची माती कोरडी. तुम्ही पायानं माती उकरून पाहिलीत. कार्निव्हलच्या मंगळवारी पूजेला गाडीला रंगीत कागद बांधून चारही चाकांवर बिअर शिंपडलीत, बॉनेटवर शिंपडलीत, अगदी जॅकवरसुद्धा. टाकीवर एक थेंब नाही. नीवेसनं तुमच्या हातातली बाटली घेऊन उरलेली सगळी टाकीवर ओतली, तेव्हा म्हणालात, "पाज, पाज, बादलीला पाज."

आणि मग घाटात ती फुगली. हो, फुगली. टाकीतली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीत मी चिंधी आणि ग्रीस कोंबलं होतं. का? मीठ आत जाईल म्हणून. गाडीचं दिसेल ते भोक बंद कर, हे लहानपणापासून कानात कोणी घातलं? गाडी वर चढत गेली, आतली वाफ कोंडली, टाकीचं पोट जाऊन शाफ्टला घासायला लागलं. एलिसेओकाका मागेच होते. "फोर्तुनातो, तुझी बादली गाभण आहे रे." नीवेस खाली शिरली, चिंधी ओढली, आणि टाकी मोठा सुस्कारा सोडून जागेवर बसली. दोष टाकीचा नव्हता हे तुम्ही कानांनी ऐकलंत. तरी दुसऱ्या दिवशी ती उतरवून तुम्ही सडका पत्रा परत चढवलात. मी जेवणाचं ताट तसंच ठेवून बस पकडली.

इथे कलामाच्या गॅरेजात दिवसभर दुसऱ्यांच्या गाड्यांखाली पडून असतो. हात काम करतात, डोकं तुमच्याशी भांडत असतं. ज्या माणसाला आवाजावरून कुठलं बेअरिंग गेलं ते कळतं, तो सडका पत्रा परत का चढवेल? परवा एक गळकी टाकी आली, आणि एकदम तुमची आठवली. कार्निव्हलला मी तुमची जुनी टाकी उतरवली तेव्हा साबण भोकावर नव्हता, ताता. भोकाच्या शेजारी होता, वीतभर लांब, नीट दाबून चोळलेला. तेव्हा वाटलं, घाई झाली असेल. घाटातही गुडघा दुखतो म्हणून चावी माझ्याकडे फेकलीत. मीठ फक्त टाक्या खात नाही. इतकी वर्षं त्या पांढऱ्या उन्हात बघितलंत, त्यानं तुमचे डोळेही खाल्ले. टाकी गळकी राहिली की गाडी दारात उभी राहते, आणि गाडी उभी राहिली की फोर्तुनातो का निघत नाही हे कोणी विचारत नाही. म्हणून प्लास्टिक नको. बरोबर ना?

नीवेसला हे वाचताना थांबवू नका. तिला माझ्या आधीपासून माहीत असेल. तुम्ही बाजूला डुलक्या घेत होता तेव्हा मिठावर गाडी कोण चालवत होतं असं वाटतं तुम्हाला? मी तुमची परवानगी मागत नाही. नवी टाकी परत चढवा, हवेची नळी वर टपापर्यंत न्या, तिचं तोंड उघडं ठेवा. चावी तिला द्या आणि तुम्ही शेजारी बसा. सरोवरांचे रस्ते तुमच्या डोक्यात आहेत, डोळे तिचे वापरा. पोरगी चालवते म्हणून एलिसेओकाका काय म्हणायचं ते म्हणोत, पुढच्या वेळी त्यांना दोरानं ओढायला तीच जाईल. मिठाच्या ट्रकवाल्याकडे मी पैसे दिले आहेत. परत पाठवलेत तर मी पुन्हा पाठवीन. ते घरखर्चाचे नाहीत, पत्र्याला नवं ठिगळ लावायचे तर नाहीतच. नीवेसच्या लायसन्सचे आहेत: एक हजार आठशे बोलिव्हियानो.

तुमचाच, तुमच्याइतकाच हट्टी,
रोमुलो