सहा मासे आणि वेताची खुर्ची

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा नमस्कार. गुडघा कसा आहे? वेळेवर जेवतेस ना? (खरं लिही. नुसतं "बरी आहे" लिहिलंस तर पत्र परत पाठवीन.) दोन महिने झाले, तू घराबाहेर पाऊल टाकलेलं नाहीस, हे मला शेजारणीकडून कळतं. आम्ही इकडे मजेत आहोत, म्हणजे तुझी भावजय मजेत आहे, मी मासे सांभाळतो आहे.

भाऊजी गेल्यावर हे मासे रोज चार वाजता काचेशी येऊन त्यांची वाट बघतात, ते तुला बघवत नाही, म्हणून तू सहाच्या सहा माझ्या गळ्यात घातलेस. एकालाही मरू देणार नाही, असा शब्द मीही देऊन बसलो. पण इथे आल्या आल्या ते टाकीतल्या मडक्यामागे जे दडले, ते बाहेर यायचं नाव घेईनात. टाकलेलं खाद्य तळाशी कुजायला लागलं. माशांच्या टाक्या विकणारा म्हातारा म्हणाला, दिवा मंद करा, तीन बाजूंनी कागद लावा, काचेवर टकटक करू नका. सगळं केलं. (चष्म्याच्या दुकानातला खाकी कागद लावला. आता टाकी पार्सलासारखी दिसते.) मग म्हणाला, कुणीतरी शांत माणूस रोज ठरावीक वेळी समोर बसवा, म्हणजे त्यांची भीड चेपेल. आता आपल्या घराण्यात शांत माणूस कुठून आणायचा? मी बसलो, तर दोन मिनिटांत माझा पाय हलायला लागला आणि पाचव्या मिनिटाला मी त्यांच्यावर खेकसलो. तुझी भावजय बसली, तर तिने त्यांना माझी गाऱ्हाणी सांगितली. मासे आणखी आत गेले.

आणि गेल्या सोमवारी, चारच्या सुमाराला, एक सुटा स्क्रू शोधायला मी दुकानातून वर आलो, तर सहाही मासे बाहेर, काचेला नाक लावून, रांगेत. समोर माझी वेताची खुर्ची, रिकामी. मला बरं वाटलं, पण ते माझ्याकडे बघतच नव्हते. मग लक्षात आलं, खुर्चीचा वेत मधोमध खाली गेला होता, कुणी बसल्यावर जातो तसा. मी धंद्याने चष्मेवाला, त्यामुळे खाली जाऊन आधी स्वतःचा नंबर तपासला. बदललेला नाही. मंगळवारी तुझ्या भावजयीला साक्षीला आणलं. ती बघत राहिली, मग आत गेली आणि तीन कप चहा घेऊन आली, एक बिनसाखरेचा. (गार झाल्यावर तो मीच प्यायलो. वाया कशाला घालवायचा?) त्या दिवसापासून खाद्याच्या डबीचं झाकण रोज शेजारी उलटं ठेवलेलं सापडतं. झाकण उलटं ठेवायची सवय कुणाला होती, हे तुला सांगायला नको.

भीती वाटते, खोटं कशाला बोलू? पण हल्ली चार वाजता मी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसतो, आणि ताई, माझा पाय हलत नाही. तब्येतीला जप.

तुझा,
धाकटा

ता. क. मासे रुळले आहेत, चांगले गुटगुटीत झाले आहेत. काही काळजी करू नकोस. वर जे लिहिलंय ते फारसं मनावर घेऊ नकोस.

आणखी एक ता. क. मनावर घे. काल धीर करून मी खुर्चीला विचारलं, "भाऊजी, ताईला बोलवू का?" सगळे मासे एकदम वळले आणि दाराकडे तोंड करून थांबले. हे लिहितोय तेव्हाही तसेच आहेत. मी शेजारी दुसरी खुर्ची मांडून ठेवली आहे. तू ये. आणि येताना त्यांची उशी घेऊन ये. आमच्याकडे आले की वेत टोचतो म्हणून ते नेहमी कुरकुरायचे, आणि आता तर रोजच बसतात.