मिटलेला डोळा

१७ जानेवारी

प्रिय ताई,

नमस्कार. तुझी तब्येत बरी असेल. इकडे सगळं ठीक. दुकान काही दिवस बंद होतं, डोळ्याचं किरकोळ काम निघालं. लेझर केलं. हनुवटी टेकवून बसायचं, हिरवा उजेड चमकतो, झालं. तुझी वहिनीच माझ्यापेक्षा जास्त घामाघूम झाली होती.

काळजी करू नकोस, असं पुढे लिहिणार होतो, पण हात धजेना. मी अजून सुन्न आहे, ताई. घडलं तसं सांगतो.

त्या दिवशी सकाळी उजव्या डोळ्याला भिंग लावून एक मनगटी घड्याळ उघडलं होतं. उजव्या डोळ्यात कसपट गेलं. त्यावर रुमाल दाबला आणि डावा उघडला. समोर तुझी वहिनी चहा घेऊन उभी, आणि तिला चेहराच नव्हता. खांदे होते, हात होता, मानेच्या वर नुसता राखाडी धूर. कपाकडे पाहिलं तर कप गेला. मी विचारलं, "कोण आहे?"

"सकाळी सकाळी चेष्टा पुरे, चहा निवतोय," ती म्हणाली. मग माझ्याकडे पाहून तिने कप खाली ठेवला.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, डोळ्याच्या पडद्यातली शीर तुंबलीय, रक्त झिरपलंय, आणि हे आजचं नाही. मूळ बीपीत. "इतके महिने तुम्हाला कळलं कसं नाही?"

कामाला बसलं की तो डोळा मिटलेलाच. अण्णा आपल्याला घड्याळकाम शिकवताना म्हणायचे ना, दोन्ही डोळे उघडे ठेवणं हे गिऱ्हाइकाचं काम. एरवी उजवा डोळा दोघांचं काम गुपचूप ओढत होता. डावा खांदा चौकटीवर आपटायचा, तेव्हा मी सुताराला शिव्या घालायचो.

लेझर गळती थांबवायला होतं. गेलेली नजर बहुतेक परत येणार नाही. हे मी तुझ्या वहिनीलाही अजून सांगितलेलं नाही. ती रोज समोर उभी राहून विचारते, "आता दिसते का मी?" मी उजव्या डोळ्याने बघतो आणि हो म्हणतो.

पण पत्र त्यासाठी नाही. मागे फोनवर तू म्हणालीस, चहा कपात ओतायला जाते आणि बशीत पडतो. म्हातारी झालीस म्हणून मी तुला चिडवलं. आपण किती हसलो. काल रात्री ते आठवलं. बीपी तुलाही आहे. गोळ्या तूही माझ्यासारखीच विसरतेस. तू डावखुरी, भिंग डाव्या डोळ्याला लावतेस. तुझा मिटलेला डोळा उजवा.

आता डाव्या डोळ्यावर तळवा ठेव आणि खालचं माझं नाव वाच. वाचता आलं तरी आजच डॉक्टरांकडे जा. नाही आलं, तर एकटी निघू नकोस. फोन कर, मी न्यायला येतो.

तुझा,
धाकटा