पोखऱ्याला पायऱ्या बांधू नयेत

नाही, मला कोणी भरीस घातलेलं नाही, आणि डोकंही ठिकाणावर आहे. आज सकाळीच दुधातलं पाणी पकडलंय. मी प्रभावती, कै. नरहर यांची बायको, राहणार दुर्गाघाट, काशी, माझ्या खुशीनं हे मृत्युपत्र लिहिते. आधीचा कागद रद्द. वकील बोलावला नाही, तो एका वाक्याची चार करतो.

घर पुतण्या यज्ञेश्वरला. आम्हाला मूल नाही, त्याला मीच वाढवला. गच्चीवरची टाकी गळते, तीही त्याचीच.

बँकेत असेल ते त्याच्या बायकोला, मधुवंतीला. यज्ञेश्वरच्या हाती पैसा आला की घरी सिमेंट येतं.

श्राद्धाच्या स्वयंपाकाची पातेली, परात, झारे शेजारच्या संपदाला. यात्रेकरूंच्या पंक्ती माझ्याबरोबर तिनंच वाढल्या. मोठं पातेलं धाकट्या जावेनं मागितलं होतं. तिला देऊ नये. का ते तिला माहीत आहे.

आता गंगापारची जमीन, जिच्यावरून घरात तोंडं फुगलीत. हे तीर्थपुरोहित, ती यांना एका यजमानानं दिली होती. अर्धी शेती, अर्धा पोखरा, म्हणजे तळं. दिनानाथ ती बटाईनं, म्हणजे पिकाच्या वाट्यावर, कसतो. सरकार पोखरा राखायचं अनुदान देतं. अट एवढीच की बुजवायचा नाही, उपसायचा नाही, काठचं लव्हाळं कापायचं नाही. लव्हाळ्यात सारस घरटं करतात. यज्ञेश्वर हसायचा, "काकू, काहीच न करण्याचे पैसे मिळतात तुला."

मग त्यालाच राहवलं नाही. गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात मला न विचारता लव्हाळं साफ केलं आणि पक्क्या पायऱ्या बांधल्या. घाटावर जन्मलेला माणूस, पाणी दिसलं की पायऱ्या सुचतात. मला दाखवायला घेऊन गेला.

"पाण्याला पायऱ्या नकोत का, काकू? लोक काय म्हणतील?"

"कोण लोक? सारस?"

पावसाळ्यानंतर तपासणीचे साहेब आले. काठानं एक फेरी मारली आणि म्हणाले, "माताजी, यहाँ पक्षी कहाँ बैठेगा? यहाँ तो पंडा बैठेगा." त्या वर्षीचं अनुदान बंद. सारस आले, वरून फिरले, गेले.

पायऱ्या दिनानाथनं फोडल्या. लव्हाळ्याचे गड्डे दुसऱ्या तळ्यातून आणून चिखलात लावले. मजुरी घेईना. यंदा लव्हाळं वर आलं, सारसांची जोडी बसली, अनुदानही सुरू झालं. ते येतं माझ्या खात्यावर, कारण खतौनीत, म्हणजे इकडच्या सातबाऱ्यावर, नाव माझं. राबतो तो, मिळतं मला. मी त्याला देते, पण माझ्यामागे कोण देईल? यज्ञेश्वर तर प्लॉट पाडायचं बोलतोय. माणूस वाईट नाही, त्याला मोकळी जागा बघवत नाही.

म्हणून ही सगळी जमीन, पोखऱ्यासकट, मी दिनानाथला देते. त्याला सांगितलं तर म्हणाला, "माई, कागद रहने दीजिए, हम तो हैं ही."

मी म्हटलं, "तू आहेस रे, पण खतौनीत नाहीस. सरकार खतौनी वाचून पैसे देतं, तुझं तोंड बघून नाही."

मग त्यानं विचारलं, "और भैया?" मी म्हटलं, भैयाचं मी बघते. ते हे बघतेय.

यज्ञेश्वरनं कोर्टात जाऊ नये. गेलाच तर घर मधुवंतीचं. तिला आधीच सांगून ठेवलंय, ती खूश आहे.

दिनानाथनं पोखरा आहे तसा ठेवावा. सारस बघायला यज्ञेश्वर आला तर येऊ द्यावं, चहा द्यावा. फावडं हातात देऊ नये.

माझ्या तेराव्याला थाट नको. बाकी मी सुखात आहे, गुडघा सोडून.

साक्षीदार: १. देवव्रत, निवृत्त शिक्षक, ब्रह्माघाट. २. इरावती, समोरचं घर. दोघांनी माझ्यासमोर सह्या केल्या, मी त्यांच्यासमोर केली. दोघांना यातलं काही मिळत नाही, म्हणूनच बोलावलंय.

ठिकाण: दुर्गाघाट, वाराणसी
तारीख: १२ नोव्हेंबर २०२५
सही: प्रभावती

सही झाल्यावर इरावती विचारतेय, पुतण्याला सोडून परक्याला का. वर लिहिलंय. वाचायचं तर वाच. मी परत सांगणार नाही.