चपलांची रांग

अप्पा, आज कपाट आवरताना तुमचा खडूंचा डबा सापडला. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली, तरी बोटाला पांढरं लागलं.

तुम्ही पाट्या रंगवायचात, मराठी, कन्नड, उर्दू, गिऱ्हाईक म्हणेल तशा. पण बाजारच्या दिवशी दाराबाहेरच्या फळ्यावर जे व्यंगचित्र काढायचात, त्याखाली एक अक्षर नसायचं. "तीन भाषांचं गाव हाय. एकीत लिवलं की बाकीचे बाहेर राहतेत," म्हणायचात. चेहरे बघायला तुम्ही न्हाव्याच्या दुकानात शिकलात. दाढी होताना माणूस गप्प असतो, तेव्हाच खरा दिसतो म्हणे. पुढारी, व्यापारी, कुणालाच सोडलं नाहीत, आणि ज्याचं चित्र तोही हसत पुढं जायचा.

मग मी कचेरीत कारकून झाले. एका बाजारला फळ्यावर रिकामी खुर्ची, तिच्या पाठीवर माझाच स्वेटर. समोर चपलांची लांब रांग; लोक नंबराला चपला ठेवून सावलीत बसायचे ना, तशी. माणसं हसायलेत, आणि मी तिथं पोचते.

"काल मीटिंग होती, अप्पा."

"बरं. नाव कुठं लिवलंय, बाई?"

मी पदरानं फळा पुसला. तुम्ही अडवलं नाहीत.

थोड्या वेळानं शेजारचा चहावाला ओरडला, "काय पेंटर, लेकीची बारी आली की भ्यालास व्हय?"

"मीच पुसलो," तुम्ही म्हणालात. "समद्या चपला डाव्या पायाच्याच निघाल्या."

सगळे हसले. मी आत भाकरी थापत ऐकत होते. बाहेर येऊन खरं सांगायला चार पावलं पुरली असती. कुणाला न सोडणारा, एवढंच तुमचं नाव होतं. ते गेलं तरी तुम्ही माझं नाव घेतलं नाहीत. लोक वर्षभर चिडवत होते.

त्यानंतर रांग संपेपर्यंत मी कधी खुर्ची सोडली नाही. पुढच्या महिन्यात निवृत्त होतेय. हा कागद तुमच्या डब्यातच ठेवते.

मीटिंग नव्हती, अप्पा. मी कासाराच्या दुकानात बांगड्या भरत होते. दाराबाहेर शिडी होती आणि शिडीवर तुमचे पाय दिसत होते. तुम्ही त्याचीच पाटी रंगवत होतात. वाटलं, वरून काय दिसणार. संध्याकाळी जेवताना तुम्ही माझ्या हातांकडे बघितलंत आणि भाकरी मागितलीत. चित्रात खुर्ची काढलीत. बांगड्या काढल्या नाहीत.